शंभर ग्रॅम

जिरं आणायला गेलो होतो. शंभर ग्रॅम.
सुगुणानं दोनदा सांगितलं,
एकदा चप्पल घालताना, एकदा गॅलरीतून ओरडून,
अशोक चौकाअलीकडच्या अर्ध्या गल्लीला कळेल असं.

गाजुलांचं किराणा बंद. दुपारी दोनला कोण उघडं ठेवतंय.
एप्रिल. डांबर चपलेला सोडत नव्हतं.
तसा पुढच्या त्या नव्या, काचेच्या दुकानात शिरलो
आणि थंड हवा अशी अंगावर आली
की घटकाभर मी कुणीतरी साहेब झालो.

ढकलगाडी रिकामी ढकलायची लाज वाटते,
हे आधी कुणी सांगत नाही.
माझ्या गाडीच्या एका चाकाला खोड होती,
सारखी डावीकडं ओढायची.
डावीकडं बिस्किटं होती.

मग दोनावर एक शांपू,
पाणी चार दिवसांआड येणाऱ्या घरात.
मग निळ्या झाकणाचे तीन डबे,
त्यांत काय ठेवायचं ते घरी ठरवू.
मग कसलंसं काळं बी, जे खाल्ल्यानं माणूस बारीक होतो
असं पाकिटावरची बाई हसून सांगत होती,
ती मुळातच बारीक.
आणि मग ती बरणी.
शेंगदाण्याचं लोणी. तीनशे एकोणपन्नास.
सोलापुरात. मी. शेंगदाण्याला.

टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो मी.
डझनामागं दोन रुपये चुकले तर झोप लागत नाही.
तरी गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, "पिशवी हवी का सर?"
आणि त्या एका 'सर'पायी
पिशवीही घेतली, बारा रुपयांची.

एक हजार एकशे चौऱ्याऐंशी.

स्कूटरची सीट तव्यासारखी. उभाच राहिलो.
आई असती तर विचारलं असतं, किती विड्या?
तिच्याकडं तोच एक भाव होता.
छत्री, आठशे विड्या.
माझं बारावीचं गाईड, बाराशे, आणि वर पाठदुखी.
मी भागाकार करायला घेतला
आणि अर्ध्यात सोडला.
उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे.

जिन्याखाली चंद्रव्वा चटणी कुटत होती.
कालच तिच्याशी पाव किलोमागं
पाच रुपयांसाठी हुज्जत घातलेली मी,
आणि जिंकलेलो.
पिशवी पाठीमागं नेली, तर बरणीच आधी दिसली.
"बघू की."
तिनं झाकण काढलं, बोट बुडवलं,
आणि बराच वेळ डोळे मिटून चाखत राहिली,
जणू कुणा लांबच्या भावकीला ओळखायचंय.
"लसूण घालायला विसरली की रे ती बाई. तिखट बी न्हाई."
मग, "केवढ्याला?"
"साठ," मी म्हणालो.

"साठ?"
तिनं पदराला बोट पुसलं,
उखळातल्या लाल भुकटीकडं बघितलं, बरणीकडं बघितलं.
"एवढी मोठी बरणी साठला?
मग माझीच महाग म्हणायची."
आणि मुसळ उचललं,
पण लगेच खाली आणलं नाही.

खिशातली पावती घामानं भिजली होती,
आकडे एकमेकांत उतरत होते.
मी काहीतरी बोलणार होतो.
वरून सुगुणाचा आवाज आला,
"तेल तापलंय हो! जिरं?"