मेटाडोरचा टप

भवानी पेठेत, टिंबर मार्केटमागच्या बोळात
मुनाफभाई तांबोळींनी मेटाडोरचं अस्तर उसवलं
तेव्हा आधी पडला तो फोम,
पस्तीस वर्षांचा,
बेसनाच्या फसलेल्या लाडवासारखा,
बोट लावलं की भुगा.
माझ्या केसांत, मुनाफभाईंच्या चहात,
दादांच्या चष्म्यावर.
दादांनी चष्मा पुसला नाही. तसेच वर बघत राहिले.

वर उघडा पत्रा.
पाच आडव्या कमानी,
कुंभारमाशीचं मातीचं घर, रिकामं,
आणि मागच्या कोपऱ्यात निळ्या खडूची
'बरोबर'ची खूण.
"ही भालेरावची," दादा म्हणाले,
गरजेपेक्षा मोठ्यांदा, नेहमीसारखे,
"डावखुरा होता. शेपूट उलटीकडे जायचं त्याचं."

आकुर्डीला, प्रेस शॉपमध्ये,
दादांनी एकोणतीस वर्षं टप काढले.
सपाट पत्रा आत जायचा, टप होऊन बाहेर यायचा,
मधे एक आवाज असायचा.
तो आवाज त्यांना ग्रॅच्युइटीच्या कितीतरी आधी मिळाला,
हप्त्याहप्त्याने.
कापसाचे बोळे होते. पण बोळे घातले
आणि शेजारचा ओरडला तर ऐकू यायचं नाही,
म्हणून दादांनी बोटं राखली.
दहाच्या दहा आहेत अजून.

तारेचा ब्रश. गंज. रेड ऑक्साइडचे दोन हात.
मग थिनरनं पुसून
काळ्या पोटाच्या, चंदेरी पाठीच्या चादरी
हीट गननं शेकायच्या
आणि रोलर फिरवत चिकटवायच्या, आत हवा राहता कामा नये.
"सगळा टप झाकायचा नसतो," मुनाफभाई म्हणाले,
"फुकट वजन वाढतं.
पत्र्याला आधी विचारायचं, बाबा, तू थरथरतोस कुठे?"
विचारायचं म्हणजे बोटाच्या पेरानं ठोकायचं.
मी ठोकलं. ठण्ण.
चादर लावून पुन्हा. ठप.
जसे घरात मोठं माणूस आलं
की पोरांचे आवाज बसतात.

दादांना दोन्ही सारखंच.
म्हणून ते आत सीटवर गुडघे टेकून बसले,
तळवा पत्र्याला,
आणि मी बाहेरून स्टुलावर चढून ठोकत गेले.
"कोपरापर्यंत येतंय."
"हं. मनगटापर्यंत."
"इथे खांद्यापर्यंत, इथे दोन लाव."
"आता तळव्यातच विझलं."
मुनाफभाई पेन्सिलीनं गोल काढत गेले.
असं मीटर बाजारात मिळत नाही, म्हणाले.

त्यावर जाड पांढरा फोम, उन्हासाठी.
एप्रिलात या टपाखाली आमची डोकी उकडून निघायची,
संध्याकाळी गाडी सावलीत लावली
की पत्रा कडकड बोटं मोडायचा.

ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या वर
तळव्याएवढी जागा दादांनी मोकळी ठेवायला लावली.
"तिथून ऊन शिरेल, काका."
"शिरू दे."
"आवाजही शिरेल."
दादांनी हे ओठांवरून वाचलं,
आणि हसले.

बिस्किटी कापड ताणून झालं तेव्हा दिवे लागले होते.
संगम पुलावरून आलो, खडकीतून आलो,
बसेस तोंडाला तोंड लावून भांडत होत्या,
आत फक्त इंजिनाचं पोट गुरगुरत होतं.
बोपोडीच्या सिग्नलला मी तेही बंद केलं.

काहीतरी वाजत होतं.
दाराचं रबर असेल, नाहीतर डॅशबोर्डचा स्क्रू राहिला असेल.
मुनाफभाईंचं बिल समोरच होतं:
टप, आवाज बंद, मजुरीसह नऊ हजार चारशे.

दादा गुणगुणत होते.
चाल नाही, शब्द नाहीत, तीनच सूर, चढते,
मग एक श्वास, प्रेस खाली यायची तेवढाच,
की पुन्हा तेच तीन.
हात वर, मोकळ्या जागेवर.
किती वर्षं चाललंय हे, आम्हाला माहीत नव्हतं.
बहुतेक त्यांनाही नाही.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले.
किल्लीवर माझा हात होता,
फिरवायला मी जरा उशीर केला.