निचरा

खड्डा हातभर खोल, हातभर रुंद.
त्यात घागरभर पाणी ओतायचं
आणि घड्याळ लावून बसायचं.
माझी नोकरी थोडक्यात एवढीच.
पिशवीवर गट नंबर, तारीख, खोली.
पिशवीत कुणाची तरी जमीन, अर्धा किलो.

भाद्रपदात, निफाडकडे, क्षेमकल्याणींच्या शेतात
पाणी बसलं ते बसलंच.
मी डबा खाल्ला, जुना पेपर वाचला,
खड्ड्यातला ढग तिथंच.
काळी, चिकण, मुठीत दाबली तर
बोटांचे ठसे धरून ठेवणारी माती,
उसाला, द्राक्षाला, कुणालाच नाही न म्हणणारी.
निवृत्तीच्या वर्षी त्यांनी
तीनशे साग लावले होते, दोरी धरून, ठिबकसकट,
नातीच्या पुढच्या शिक्षणासाठी.
अडीचशे पिवळे पडलेले. उरलेले कलंडलेले,
एक मी हलवून पाहिला
तर मुळाशी शेवाळाचा वास.
"काय कमी पडलं हो?"
खत दिलं, पाणी दिलं, माणूस ठेवला.
फॉर्मवर बारा चौकटी आहेत.
जास्त झालं, असं लिहायला
एकही नाही.

मग वैशाखात उंबरठाण.
सखरीबाई भोये रोपवाटिकेच्या अंगणात
सागाचं बी पसरत होत्या,
लोकरी टोपी घातलेल्या हरभऱ्यासारखं.
रात्री पाण्यात, दिवसा उन्हात,
पंधरा दिवस हेच.
"फुगतं, सुकतं, फुगतं, सुकतं,
मग वैतागून उगवतं," त्या म्हणाल्या,
आणि गोणपाटाचं टोक पायानं सरळ केलं.

उतारावर खड्डा खणला.
वर वीतभर पाचोळा, खाली तांबूस माती,
त्याखाली मुरूम, कुजत चाललेला पाषाण,
कुदळीला दर घावाला वेगळा आवाज.
घागर ओतली.
घड्याळाचं बटण सापडेपर्यंत
पाणी गेलेलं.
पुन्हा ओतली. पुन्हा गेलं.
सामू सातच्या जवळ, चुना पुरेसा,
मी लिहीत होतो. बाई बघत होत्या,
तोंडाला पदर, डोळ्यांत हसू:
"पाणी कुठं जातं ते लिहायची जागा हाय का तुमच्यात?"

चार महिने इथं आभाळ खाली येतं,
कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं.
पुढं टिपूस नाही.
होळीच्या सुमाराला साग सगळी पानं टाकून
उघडा उभा राहतो, काही मागत नाही.
पानांवरून चाललं की
पापड मोडल्यासारखं वाजतं डोंगरभर.

कुंपणापलीकडे एक जुना बुंधा होता,
वादळात पडलेल्या झाडाचा, करवतीनं सपाट केलेला.
बाईंनी त्यावर बोट फिरवलं, बाहेरून आत,
रुंद वर्ष, रुंद वर्ष, मग एक जागा
जिथं दोन रेघा इतक्या चिकटलेल्या
की मधे नख जाईना.
"बहात्तर," त्या म्हणाल्या. "तवा मी पोटात होते."
ठोकून दाखवलं. तिथलं लाकूड
जास्त घट्ट होतं का, मला कळलं नाही.
मी तसं लिहिलेलंही नाही.

क्षेमकल्याणींचा परवा फोन आला.
उरलेली पन्नास ठेवायचीच म्हणतात.
चर किती खोल खणू?
कमरेइतका, मी म्हटलं, आणि ठिबक बंद करा.
"बंद?"
बंद.
पलीकडं बराच वेळ मोटारीचा आवाज येत राहिला.
मग तोही थांबला.

निघताना सखरीबाईंनी मूठभर बी दिलं होतं,
कागदात बांधून.
इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर माती नाही,
तरी रात्री मगात घालतो,
सकाळी गॅलरीत, चपला सारून, पसरतो.
बायको म्हणते, हे काय नवीन.
आज अकरावा दिवस.
अजून वैतागलेलं नाही.