हातचं राखून

माउआच्या शाळेत मी पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं
तेव्हा बाईंनी पट्टी उभी धरली, धारेवर.
त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मधाला मी ‘ऊकी’ म्हणाले
आणि लाकडाचा तो बिल्ला माझ्या गळ्यात आला.
घरची भाषा बोलेल त्यानं तो घालायचा,
दुसरं कुणी चुकेपर्यंत.
मी टपून बसले.
न्तिन्यारीला दगडाची ठेच लागली, तिनं आईला हाक मारली
आपल्याच शब्दात,
आणि मी सुतळी तिच्या डोक्यावरून खाली सरकवली.
हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

घरी आई मिराच्या कोवळ्या काड्या जुळवत होती,
केळीच्या सोपटात घट्ट गुंडाळत, भराभर,
कारण ट्रक थांबत नाही आणि कालचा पाला कुणी घेत नाही.
माझी बोटं बघून म्हणाली,
उजव्यानं बांध, डाव्यानं नुसतं धर.
मग गाठ सोडून पुन्हा बांधली. माझी.

मिंगाइने म्हाताऱ्याकडे मी रडायला गेले नव्हते,
मध मागायला गेले होते.
तो ओंडका पोखरत होता, पोळ्यासाठी,
आत डोकं घालून, त्यामुळे आवाज लाकडातून यायचा.
मुग्वेची गोष्ट ठाऊक आहे का, म्हणाला.
आपली माणसं म्ब्वाच्या बेटावर दुसऱ्यांची गुरं राखायची.
लाल कपड्यांचे धनी रोज नवं अशक्य मागायचे:
दोन्ही अंगांनी केस असलेली चप्पल शिवा,
आभाळाला टेकेल असा भाला घडवा.
शेवटी एका रात्री निघाले. पाणी दुभंगलं.
काही अंधारात उतरले, काही तांबडं फुटताना,
काही लख्ख उन्हात,
म्हणून आपल्यात काळे, तांबडे, पांढरे असे तीन वंश.

आणि मुग्वे? मी विचारलं. मला मधाची घाई होती.

मुग्वे आशीर्वाद देतो तो डाव्या हातात असतो, म्हणाला.
तो हात कातड्याच्या पांघरुणाखाली झाकलेला.
कुणी बघायचा नाही.
उजव्यानं जेवतो, उजव्यानं काठी धरतो,
सगळं जगाचं उजव्यानं.
डावा हातचं राखून.

मग त्यानं माझ्या डाव्या तळव्यावर पोळ्याचा तुकडा ठेवला,
मेणासकट, एक मेलेली माशीही होती त्यात,
आणि म्हणाला, चाट, बाईंना सांगू नको.

मी मोठी होऊन सरकारी कचेरीत बसते,
मेरू शहरात, दुसरा मजला, जन्मनोंदणी.
डाव्या हातानं लिहिते, शाई मनगटाला लागते,
साहेब ‘डावखुऱ्या बाई’ म्हणतात, मी ऐकते.
खिडकीतून सकाळी कधी किरीमारा दिसतो,
ठिपक्याठिपक्यांचा,
दहाच्या आत ढग त्याला परत नेतात.

गेल्या मंगळवारी ती आली.
गुडघ्यापर्यंत चिखल, कडेवर नात.
मी ओळखलं. तिनं नाही ओळखलं, किंवा
ओळखून फॉर्मकडे बघत राहिली.
बाळाचं नाव?
मुकिरी, ती म्हणाली.
मुकिरी म्हणजे गप्प राहणारी. आमच्याकडे हे चांगलं नाव आहे,
शहाण्या माणसाला शोभणारं.

माझ्या पेनाची शाई तिथंच फुटली.
कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायला घेतलं,
मु, कि, री, सावकाश,
ओलं अक्षर पुसू नये म्हणून मनगट उचलून धरलेलं.
मला म्हणायचं होतं, न्तिन्यारी, तो बिल्ला.
मी म्हणाले, इथं अंगठा लावा.

ती म्हणाली, मी सही करते,
आणि पेन डाव्या हातात घेतलं.
कधीपासून, कसं, काही कळेना.
शाळेत ती उजवी होती.

बाळानं तिच्या गळ्यातली पोत मुठीत पकडली होती.
मी शिक्का मारला, पावती फाडली,
आणि आमच्याच भाषेत म्हणाले, पुढच्या आठवड्यात या.
ती हसली. उगाच नाही हसली, एवढं सांगते.