झिंझिबेर

सेठनाबाईंची बरणी फोर्टातल्या माझ्या टेबलावर
तीन आठवडे होती. बुडाशी टवका उडालेला,
पोटावर निळ्या अक्षरांत: झिंझिबेर.
सोबतच्या कागदावर: फाएन्झा, इटली, बहुधा सोळावं शतक.
त्या 'बहुधा'चेच पैसे मला मिळतात.

टवक्यातून माती दिसत होती. तांबूस, खरबरीत,
तुळशीच्या कुंडीला असते तशी.
म्हणून उचलली, जुन्या साडीत गुंडाळली
आणि टॅक्सीने धारावी, कुंभारवाडा,
देवशीभाईंच्या ओट्यावर.

त्यांनी चष्मा लावला नाही.
नुसता पंजा घातला तिच्या बारीक कमरेत.
'फळीवर दाटीत उभी असणार ही.
बोटं शिरावीत म्हणून जागा ठेवलीय.'
मग टवक्यावर अंगठा:
'आत आपलीच आहे. वरून पांढरा सदरा.'

सदराच. कथलाचा.
चीनचं पांढरं त्यांना जमेना, म्हणून माती झाकली.
त्यावर आधी तांब्याचं हिरवं, तपकिरी रेघा,
मग निळं आलं आणि जो तो निळंच मागू लागला,
मग थाळीभर देव, उघडी माणसं, जळती शहरं,
इतकी, की भाजी वाढायची कुठे?
मग कंटाळा.
नुसतं पांढरं, मध्यात एखादं पोर, घाईत रंगवलेलं.
आणि नाव मायोलिका, म्हणे एका बेटाचं,
जिथून जहाजं येत.
आपण नाही का म्हणत चिनीमातीची बरणी,
तिने चीन पाहिलेला नसताना.

भट्टीतून चिंध्यांचा धूर.
जीवीबेन डोळे पुसत विचारतात, 'लिहिलंय काय?'
'आलं. सुंठ. मलबारकडून जायची,
तिकडचे औषधवाले यात ठेवायचे.'
'म्हणजे तिकडे भरलेली, नि इथे रिकामी आली?'
'बरणी त्यांचीच हो.'
'असू दे. माल आपला ना?
रिकामं भांडं कोणी परत देतं का?'

इतिहास असा चालत नाही,
हे मी सांगितलं नाही.

तुकडा देवशीभाईंनी भाजून दिला.
मी तो बसवला, रंग अर्ध्या छटेने वेगळा ठेवला,
जोड दिसावा म्हणून.

सोमवारी वाळकेश्वरहून फोन:
'अरे डिकरी, आत काहीतरी खडखडते.'
'हो,' म्हटलं. 'राहू दे.'