सोमवारी माग बंद

सोमवारी विट्यात लाइट नसते.
आठवड्यात तेवढाच दिवस आमच्या भिंती थरथरत नाहीत
आणि तेवढ्याच दिवशी मी रेकॉर्ड करते,
लॅपटॉपच्या बॅटरीवर, गाद्यांच्या थप्पीला पाठ लावून,
पुण्याच्या कंपनीसाठी गोष्टी वाचते, मिनिटाला साठ रुपये.

एकदा मंगळवारची फाइल पाठवली, ती परत आली.
'मागे कोणीतरी दार ठोठावतंय,' त्यांनी लिहिलं.
दार नव्हतं ते.
आमचे चार माग होते, आणि शेजारच्या म्हेत्र्यांचे सहा.

इंटरफेस म्हणजे एक काळी डबी,
इस्लामपूरच्या अझर मुल्लाकडून जुनीच घेतलेली.
एका बटणाची टोपी गेलेली, तिथं खोकल्याच्या औषधाचं बूच.
पहिले पंधरा दिवस मी हेडफोनची पिन
मागच्या, स्पीकरच्या भोकात घालत होते
आणि आवाज डोक्यात कुठंच बसत नाही,
कानांच्या बाहेर लोंबकळतो,
म्हणून मुल्लाशी फोनवर भांडत होते.

अप्पा मागावरून उठून आले.
'मला एवढंच सांग, सूत कुठनं घालायचं
नि कापड कुठनं निघतंय.'
मी ओरडून सांगितलं.
आमच्या घरात सगळंच ओरडून सांगतात,
मीठ कमी आहे हेसुद्धा, मावशी गेली हेसुद्धा.
बत्तीस वर्षं धोट्याशेजारी उभं राहून
अप्पांचे कान आता नुसते चष्म्यापुरते उरलेत.

पुढं दोन भोकं, ही आत. माइकचं सूत इथून.
मागं दोन, ही बाहेर. डावा स्पीकर, उजवा स्पीकर.
हे गोल बटण म्हणजे ताण.
कमी ठेवला तर सूत लोळतं, जास्त ओढला तर तुटतं,
आणि तुटलं की लाल दिवा.
हे अठ्ठेचाळीस लिहिलेलं दाबलं की माइकला वीज जाते,
ज्या तारेतून आवाज येतो त्याच तारेतून, उलटी.

इथं त्यांनी मान वर केली.
'एकाच वाटंनं जातंय पण अन् येतंय पण?'
'हो.'
'आन् भांडत न्हाईत?'

एकदा मी स्पीकर चालू ठेवूनच माइक उघडला.
बाहेरचं आत गेलं, आतलं पुन्हा बाहेर,
आणि डबीनं अशी किंकाळी फोडली
की म्हेत्र्यांचा कुत्रा जिन्याखाली शिरला.
मी कान झाकून घेतले.
अप्पा हसले. 'हे आलं ऐकू.'

गेल्या सोमवारी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला,
गांधी टोपी न काढताच.
माइक माझ्या ओठांजवळ.
आत आलेलं लॅपटॉपला वळसा न घालता थेट बाहेर पाठवायला
एक वेगळं बटण असतं,
हे कशाला दिलंय म्हणून मी महिनाभर त्याला हात लावला नव्हता.
ते दाबलं. बूच थोडं फिरवलं. अजून थोडं.
मग काय बोलावं ते सुचेना.
त्यांच्याशी हळू मी कधी बोललेच नव्हते,
हळू मला फक्त कंपनीच्या गोष्टी येतात.
म्हटलं, 'अप्पा, चहा टाकू का?'

मांडीवर सुताचा तुकडा वळत होती ती बोटं थांबली.

'तुला सर्दी झालीया!'
लाल दिवा भडकला.
'कधीपासनं?'
पुन्हा लाल.
'ओरडू नका, अप्पा.'
'बरं,' ते म्हणाले, तेही लालच.
मग डोळे मिटून बसले बराच वेळ.
'हे च्यक च्यक काय गं?'
'पाल आहे, ट्यूबच्या मागं.'
'आपल्यात पाल हाय?'

पाचला लाइट आली.
म्हेत्र्यांचा पहिला माग, दुसरा, मग सगळेच.
अप्पांनी हेडफोन दोन्ही हातांनी काढला, वायर न ओढता,
आणि खाली गेले.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.
स्क्रीनवर माझा प्रश्न बारीक, केसासारखा,
आणि त्यांची सर्दी वरून खालून सपाट कापलेली,
कात्रीनं काठ मारल्यासारखी.
असं फाटलेलं दुरुस्त करता येतं, मुल्ला म्हणतो, पाठव.
पाठवलं नाही अजून.

चहा टाकायचा राहिला तो राहिलाच.