प्रदर्शनाला चार दिवस

प्रदर्शनाला चार दिवस उरलेत
आणि समुद्राकडून हे आलंय, डरहॅमच्या उतारावर.
खाण मिटली, पण परडी मिटली नाहीत,
त्या परड्यांच्या पत्र्यांवर थापा मारत.

लीक म्हणजे, कुणी पाहिला नसेल तर,
कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ.
आमच्याकडचा मनगटाएवढा नाही, पोटरीएवढा.
त्याला आम्ही दुधाने पुसतो,
पावसाळी कोट घालून त्याच्याशी बोलतो,
आणि शेवटच्या आठवड्यात रात्री राखण करतो,
कारण हेव्याच्या हातात सुरी असते.

यंदा सुरी वाऱ्याच्या हातात.

"एनिड!" कुंपणापलीकडून राल्फ ओरडला,
"माझी बायको उडाली!"
मी विचारलं, कुठल्या दिशेला?
"बादली गं, बादली!"
वारा अर्धी वाक्यं खातो
आणि नको ती परत थुंकतो.
म्हटलं, बादली सापडेल,
ऑड्रीला हे कळलं तर तू सापडणार नाहीस.

स्टॅनने काचघराचं दार
दोरीने स्वतःच्या कमरेला बांधलंय.
"दोघांतलं एक उडालं तर दुसरं धरून ठेवेल."
नॉर्मन म्हणाला, दाराची काळजी सोड,
तुला उचलायला असली चार वादळं लागतील.
आणि मग तो नेहमीचं काढतो:
"हे काहीच नाही, त्र्याऐंशी साली..."
आम्ही तिघं एका सुरात,
"डुकराचं खुराडं चर्चच्या छपरावर!"
पूर्वी ते भिंतीवर असायचं.
मध्ये काही वर्षं झाडावर होतं.
असंच चाललं तर पुढच्या सालापर्यंत
नॉर्वेला पोचेल, डुकरासकट.

दोन झोतांच्या मधल्या फटीत
बाकीचं आयुष्य उरकून घ्यायचं:
नॉर्मनचा गुडघा पुन्हा पुढे ढकलला, मार्चमध्ये.
बॉयलरवाला आला, हसला, गेला.
तीनची बस आता सव्वातीनला येत नाही,
आधी तीनला यायची नाही.
राल्फची नात शाकाहारी झाली,
पण लीक खात नाही.
"मग खाते काय?"
"माझं डोकं."

नऊ नंबरबद्दल कुणी काही बोललं नाही.

नऊ नंबर कथबर्टचा. सात वेळा पहिला आलेला,
सातही वेळा आमच्याकडे न बघता
चषक काखोटीला मारून गेलेला.
सोमवारपासून छातीचं दुखणं घेऊन हॉस्पिटलात.
त्याचं प्लास्टिक एका बाजूने सुटलं होतं
आणि अंधारात टाळ्या वाजवत होतं.

आधी राल्फ गेला. बादली बघतो, म्हणाला.
मग स्टॅनने कमरेची दोरी सोडली.
नॉर्मन तोंडात खिळे धरून आला,
त्यामुळे त्र्याऐंशी साल पाऊण तास गप्प.
मी गेले ते विल्फचा जुना हातोडा घेऊन.
तो असता तर म्हणाला असता, मूर्ख आहात सगळे,
आणि सगळ्यात आधी पोचला असता.

चौघांनी चार कोपरे धरले.
टॉर्चच्या उजेडात खाली कथबर्टचे लीक,
इतके गोरे, इतके सरळ,
की माझ्या तोंडून शिवी गेली.
"हा मेला परत जिंकणार," स्टॅन म्हणाला.
"सोडू का माझा कोपरा?" राल्फने विचारलं.
नॉर्मन काहीतरी बोलला,
पण खिळे आणि वारा, दोन्हींतून
आमच्यापर्यंत आलं नाही.
सोडला कुणीच नाही.
हातांची बोटं सकाळपर्यंत वळत नव्हती.

बादली उजाडल्यावर सापडली.
माझ्या चरात, उपडी,
माझा सर्वांत चांगला लीक कंबरेतून मोडून
त्यावर नीट बसलेली.
राल्फ बराच वेळ बघत राहिला.
"बायको सापडली," मी म्हटलं. "घेऊन जा."

मोडलेल्या लीकचं सूप केलं.
चौघांना पुरून डबाभर उरलं,
तो स्टॅनने जाता जाता हॉस्पिटलात दिला.
कोण, कुठे, कसं, काही सांगितलं नाही.
संध्याकाळी कथबर्टचा निरोप आला,
तीन दिवसांतले त्याचे पहिलेच शब्द, नर्स म्हणाली:
मीठ कमी.