फेस धरत नाहीत

रात्रपाळी नऊला. मी आठला घरातून निघतो.
मेट्रन नव्या, पुण्याच्या;
'आलो मॅडम' म्हटलं की गालात हसतात.
हसू देत. आमची आई, तिची आई,
सगळ्या येतो-जातो-खातो म्हणत
गल्लीची बाळंतपणं काढून बसल्या.

पापाच्या तिकटीला नव्या चपलांचा वास,
त्यात भडंगवाल्याच्या कढईतला लसूण,
करपायच्या जरा आधीचा.
मिसळीचं दुकान बंद झालंय,
सकाळचा ठसका अजून शटरच्या फटीत.

गंगावेशीत म्हशी आल्यात.
स्कूटर लावावी तशा कडेला लावलेल्या,
एकीचं शेपूट एटीएमच्या दारात.
सिदू गवळी उकिडवा बसतो,
कपाळ तिच्या पोटाला टेकवतो.
आमचे डॉक्टर एवढं कुणाला टेकत नाहीत.
चरवीत पहिली धार पत्र्यावर वाजते,
मग दुधात दूध पडतं, आवाज मऊ होत जातो.
कान मोडलेली तालमीतली पोरं, एक रिक्षावाला,
आणि बायकांत मी एकटी.
आधी बघायचे. आता ग्लास पहिला मला:
"सिस्टरना द्या, ड्युटी हाय त्यांची."

बेड अकरा, हिंदुराव वस्ताद.
किडन्या गेल्या. दिवसाला सातशे मिली, सगळं धरून:
चहा, आमटी, गोळीमागचा घोट.
तक्ता मी भरतो.
ज्या हातानं माणसं उचलून टाकली
त्यात आता सुया जातात; वर बोट ठेवलं
तर आत मांजर घुरघुरतं.
पहिल्याच रात्री म्हणाले,
"गंगावेशीतनं येतीस न्हवं? आज फेस किती?"
बघितला नाही, म्हटलं.
"मग पितीस कशाला?"

तेव्हापासून बघतो.
सोमवारी दोन बोटं.
गुरुवारी नवी म्हैस बुजली, कमीच.
शनिवारी चार.
"चार? खोटं. कुठली म्हैस?"
मग शिंगं सांगावी लागतात,
कुठं वळलीत, किती, टोक मोडलंय का.
डोळे मिटून ऐकतात
आणि शेजारच्या बेडवरचा मुजावरचाचा
कूस बदलायचं थांबतो.

आज सिदूला विचारलं, माप कसं धरतोस रं?
"फेस धरत न्हाई, सिस्टर. फेस वरचा."
फेस किती मिली,
आमच्या तक्त्यात रकाना नाही.
डब्याचं झाकण पुढं केलं. काही न विचारता
त्यानं वरचा वर काढून दिला.

दसरा चौकात सिग्नल लागला.
बुडबुडे एकेक करून बसत गेले, मी बघत राहिलो,
मागचा हॉर्न वाजवत राहिला.
वॉर्डात पोचेपर्यंत झाकण नुसतं ओलं.

वस्तादांनी बोट फिरवलं.
जिभेला लावलं नाही लगेच, हुंगलं आधी.
"आखूड शिंगाची," म्हणाले. "कडंला उभी असंल."

तक्त्यात मी काही लिहिलं नाही.
शिंगं आज बघायचीच विसरलो होतो.